बंधुसंघाची थैली आणि गांवाचा हक्क

दानशूरपणांत आमचा व्यापारी वर्ग कोणास हार जाणारा नाहीं. धर्मशाळा, पाणपोई, अन्नछत्र, पांजरपोळ, विद्यार्थी-वसतिगृह यांपैकीं एखाद्याच्या दारावर पेठेंतील एखाद्या पेढीचें नांव कोरलेलें आढळत नाहीं, असें व्यापारी गांव महाराष्ट्रांत शोधूनच काढावें लागेल. परंतु दान किती दिलें हा प्रश्न जितक्या आवडीनें विचारला जातो, तितक्या आवडीनें दुसरे तीन प्रश्न विचारले जात नाहींत. तें दान कोणास पोंचलें? घेतांना घेणाऱ्याची मान किती खालीं गेली? आणि त्याचा हिशेब कोणीं पाहिला? आज आम्हीं वाचकांपुढें एका परदेशी संस्थेचा इतिहास मांडण्याचें योजिलें आहे. या तीन प्रश्नांचीं उत्तरें शोधण्यास तिला दोनशें वर्षांहून अधिक काळ लागला. तिच्या ठेचांवरून आपणांस शहाणें होतां आलें, तर तेवढा काळ आपला वांचेल.

ही संस्था म्हणजे इंग्लंडांतील फ्रीमेसन नामक बंधुसंघाचा धर्मादाय निधि होय. गवंड्यांच्या जुन्या मंडळ्यांपासून गुण्या व कर्कटक हीं चिन्हें घेऊन हा संघ उभा राहिला, आणि १७१७ हें त्याच्या मध्यवर्ती मंडळाचें स्थापनावर्ष मानलें जातें. परमेश्वरावर श्रद्धा, परस्परांशीं बंधुभाव व गरजूंस साह्य हीं त्याचीं ब्रीदें. त्याच्या शाखांना लॉज म्हणतात. त्यांच्या सभा बंद दाराआड भरत असल्यामुळें हिंदुस्थानांत ठिकठिकाणीं लॉजच्या इमारतीस सामान्य लोक 'जादूघर' म्हणत. त्या जादूशीं आज आम्हांस कर्तव्य नाहीं. त्यांच्या थैलीशीं आहे.

या थैलीची पहिली मोठी गांठ १७८८ सालीं बांधली गेली. इटलींत जन्मलेला व लंडनांत दंतवैद्यकीवर नांवारूपास आलेला बार्थोलोम्यू रुस्पिनी या गृहस्थानें पुढाकार घेऊन निधन पावलेल्या अथवा विपन्नावस्थेंत सांपडलेल्या सभासदांच्या मुलींसाठीं शाळा काढविली. आरंभीं मुली अवघ्या पंधरा. दहा वर्षांनीं, १७९८ सालीं, मुलग्यांसाठीं तशीच तजवीज झाली. आणि १८४२ सालीं वृद्ध सभासदांच्या पोटगीची संस्था निघाली. कर्ता पुरुष गेला म्हणजे घर रस्त्यावर येतें, ही भीति ज्या काळीं प्रत्येक मध्यम स्थितींतल्या कुटुंबाच्या उशाशीं बसलेली असे, त्या काळीं हें कार्य लहान नव्हतें. ज्या घरांत आजहि एकाच माणसाच्या गादीवर सगळें पोट चालतें, त्या घरास याचें मोल निराळें सांगावयास नको.

परंतु या पुण्याईस एक डाग होता, आणि तोच आमच्या वाचकांनीं नीट पाहावा. जागा थोड्या व उमेदवार फार, म्हणून निवड वर्गणीदारांच्या मतांनीं होई. ज्याची वर्गणी अधिक त्यास मतें अधिक. तेव्हां विधवा मातेनें आपल्या मुलाचा अर्ज घेऊन अनोळखी वर्गणीदारांस पत्रें पाठवावीं, ओळखीपाळखी काढाव्या, मतांची याचना करावी, आणि तरीहि मतें कमी पडलीं तर पुढील निवडणुकीची वाट पाहावी, असा क्रम असे. केवळ फ्रीमेसनांचाच नव्हे, तर एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडच्या कितीएक धर्मादाय संस्थांचा हाच रिवाज होता, व त्यावर त्याच देशांत कडक टीका झाली. टीकेचें मर्म असें कीं, या पद्धतीनें सर्वांत गरजू मूल निवडलें जात नसे. ज्याच्या आईच्या ओळखी मोठ्या तेंच मूल निवडलें जाई. ज्यास कोणी वाली नाहीं त्याच्यासाठीं काढलेल्या संस्थेंत वाली असल्यावांचून प्रवेश नाहीं, याहून मोठा विपर्यास कोणता? आमच्याकडे विश्वस्ताची चिठ्ठी आणल्यावांचून शिष्यवृत्तीचा अर्जच हातीं पडत नाहीं, असें जेथें जेथें घडतें, तेथें तेथें हाच डाग आहे. रंग मात्र देशी.

विसाव्या शतकांत या संघास दुसरा धडा मिळाला. १९३३ सालीं लंडनच्या रेव्हन्सकोर्ट पार्क भागांत त्यानें आपलें भव्य रुग्णालय उभारलें, व त्याचें उद्घाटन बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्तें झालें. मुलग्यांची शाळा बुशी येथें मोठ्या इमारतींत नांदत होती. परंतु काळ बदलला. १९४८ पासून इंग्लंडांत सरकारी आरोग्यसेवा सर्वांस खुली झाली, शिक्षणाचा भार सरकारनें उचलला, आणि स्वतंत्र भिंती सांभाळण्याचा खर्च वाढत चालला. १९७७ सालीं मुलग्यांची शाळा बंद झाली. शतक संपण्यापूर्वीं रुग्णालयहि बंद झालें. हा पराभव झाला असें म्हणणारे पुष्कळ असतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. कारण मदत थांबली नाहीं. मुलांस आपल्या घरीं राहूनच शिकतां यावें म्हणून निधि साह्य देऊं लागला, आणि रुग्णास दुसऱ्या रुग्णालयांत उपचार घेण्यासाठीं १९९० सालीं वेगळा निधि निघाला. दात्याचें नांव कोरलेली भिंत गेली, पण भिंत ज्यासाठीं होती तें काम राहिलें. मुलींची शाळा मात्र रिकमन्सवर्थ येथें आजहि चालते, आणि आतां ती फ्रीमेसनांच्याच नव्हे तर सर्वांच्या मुलींस खुली आहे.

यापुढील पाऊल सर्वांत महत्त्वाचें. १९७० नंतरच्या दशकांत न्यायमूर्ति बॅग्नॉल यांच्या अध्यक्षतेखालीं एका समितीनें संघाच्या सर्व धर्मादाय कार्याची तपासणी केली. तिच्या शिफारशींतून 'ग्रँड चॅरिटी' नामक निधि निघाला, व संघाबाहेरील कार्यास व्यवस्थितपणें द्रव्य देण्याचें काम त्याच्याकडे आलें. पुढें २०१६ सालीं मुलांचा, वृद्धांचा, रुग्णांचा व हा सर्वसाधारण असे चारी निधि एकत्र करून 'मेसॉनिक चॅरिटेबल फाउंडेशन' ही एकच संस्था करण्यांत आली. कारण उघड होतें. एका संकटग्रस्त कुटुंबास आजार, कर्ज व मुलांचें शिक्षण अशा तीन अडचणी एकदम येतात. त्याला तीन दारें ठोठावायला लावणें हा न्याय नव्हे.

आतां ही संस्था गांवोगांव कशी पोंचते तें पाहूं. पैसा सर्वस्वीं सभासद, त्यांचे कुटुंबीय व स्नेही यांच्या वर्गणीचा असतो. रस्त्यावर डबा हालवून लोकांकडून तो गोळा केला जात नाहीं. एकेका प्रांताच्या लॉजांनीं पाळीपाळीनें कांहीं वर्षें निधि जमवावयाचा, अशी जुनी वहिवाट आहे. खर्चाच्या बाजूस स्थानिक लॉजांची माहिती उपयोगी पडते. आपल्या गांवांत कोणती संस्था एकाकी वृद्धांकडे लक्ष देते, कोणती संकटांत सांपडलेल्या मुलांस आधार देते, हें गांवच्या माणसास लंडनच्या कचेरीपेक्षां अधिक ठाऊक असतें. परंतु केवळ त्याच्या शब्दावर पैसा सुटत नाहीं. संस्था नोंदलेली आहे कीं नाहीं, तिचे हिशेब कसे आहेत, कामाचा परिणाम काय, हें मध्यवर्ती कचेरी तपासते. माहिती गांवची, तपासणी मध्यवर्ती, अशी ही वांटणी आहे, आणि दोहोंपैकीं एक चाक काढलें तर गाडी अडेल.

मरणोन्मुख रुग्णांची शुश्रूषा करणारीं आश्रयगृहें व अपघातस्थळीं विमानानें वैद्य पोंचविणाऱ्या संस्था यांस हा निधि वर्षानुवर्षें साह्य करीत आला आहे. सरकारी आरोग्यसेवा असलेल्या त्या देशांतहि हीं दोन कामें मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालतात, हें ज्यांस 'सर्व कांहीं सरकारनेंच करावें' असें वाटतें त्यांनीं ध्यानांत ठेवावें. लहान कामेंहि आहेत. रुग्णालयांत अपघाताच्या खोलींत भेदरून बसलेल्या मुलाच्या हातीं कापडी अस्वल द्यावें, ही कल्पना एसेक्स परगण्यांतील सभासदांनीं काढली व ती इतरत्र पसरली. संघास तीनशें वर्षें झालीं तेव्हां, २०१७ सालीं, ३०० संस्थांस मिळून ३० लक्ष पौंड वाटण्यांत आले, आणि कोणास किती द्यावें यासाठीं सर्वसामान्य जनतेचीं मतें घेतलीं गेलीं. एकेकाळीं याच संघांत मत वर्गणीदारास होतें आणि मतें गोळा करण्याचा भार विधवेवर होता. आतां मत वाटेनें जाणाऱ्या नागरिकासहि मिळालें. पुढील काळांत हाच रिवाज राहील वा न राहील. दिशा मात्र खरी आहे.

कोणी म्हणेल कीं ही केवळ कीर्तीची हौस आहे. गुप्ततेचा आळ धुऊन काढण्यासाठीं हा खटाटोप चालतो. हेतूंत कीर्तीचा अंश नसेलच असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तहानलेला मनुष्य पाणपोईवरील पाटी वाचून पाणी पीत नाहीं. याहून वजनदार आक्षेप निराळा आहे. जो संघ बंधुत्वाचा घोष करतो त्याचें दार सर्वांस उघडें आहे काय? इंग्लंडच्या मुख्य संघांत स्त्रियांस आजहि सभासद होतां येत नाहीं. त्यांचे स्वतंत्र संघ विसाव्या शतकाच्या आरंभापासून आहेत. आणि आमच्या मुंबईचा अनुभव तर बोलका आहे. माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थास युरोपियनांच्या लॉजांत येथें प्रवेश मिळेना, तेव्हां त्यांनीं पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. पुढें डॉक्टर जेम्स बर्न्स यांच्या पुढाकारानें १८४३ सालीं मुंबईंत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हें लॉज एतद्देशीयांस खुलें म्हणून निघालें. याच माणकजींनीं १८६३ सालीं मुंबईंत मुलींसाठीं अलेक्झांड्रा शाळा काढली. ज्यास एकदां दाराबाहेर उभें राहावें लागलें, त्यास दुसऱ्यासाठीं दार उघडण्याचें महत्त्व कळलें, असें आम्ही समजतों. हिंदुस्थानाचें स्वतंत्र ग्रँड लॉज व्हावयास मात्र १९६१ साल उजाडावें लागलें.

आतां आपल्याकडे वळूं. आमच्याकडे ज्ञातीचे निधि आहेत, पेठेचे निधि आहेत, व्यापारी मंडळांचे निधि आहेत. आपल्यांतील अडलेल्यास आधीं हात द्यावा यांत गैर कांहींच नाहीं. प्रत्येक बंधुसंघाचा आरंभ तेथूनच होतो. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं निरनिराळ्या ज्ञातींच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें उभीं करविलीं, तीं त्या काळाची निकडच होती. परंतु त्याच मुशींतून निघालेले कर्मवीर भाऊराव पाटील १९२४ सालीं साताऱ्यास एक पाऊल पुढें गेले, आणि त्यांनीं सर्व ज्ञातींचीं मुलें एका छपराखालीं, एका पंगतीस बसविलीं. इंग्लंडच्या संघास आपल्याबाहेर पाहावयास जीं शतकें लागलीं, तो पल्ला येथें एका पिढींत गांठला गेला. मग आज शिष्यवृत्तीच्या अर्जावर ज्ञातीचा रकाना भरून घेणाऱ्या निधींनीं कोणती सबब सांगावी?

दुसरी गोष्ट धर्मादायाची. बाजारपेठांत गिऱ्हाइकाकडून मालामागें 'धर्मादाय' म्हणून रक्कम घेण्याची चाल जुनी आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानें हें स्पष्ट केलें आहे कीं, अशी रक्कम घेणारा व्यापारी तिचा धनी नसून विश्वस्त आहे, व तिचा हिशेब त्यानें धर्मादाय अधिकाऱ्यांस दिला पाहिजे. म्हणजे ती रक्कम मूळची गिऱ्हाइकाची, गांवची. तिच्यावर आपल्या ज्ञातीचें वा आपल्या घराण्याचें नांव कोरणें हें दान नव्हे. तें परक्याच्या पैशावर पुण्य मिळविणें होय.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक ज्ञातिनिधीनें व व्यापारी मंडळानें आपल्या वार्षिक उत्पन्नाचा कांहीं ठराविक वांटा गांवांतील सर्वांसाठीं राखावा. कोणतें काम निकडीचें आहे हें गांवच्या शिक्षकांस, परिचारिकांस व झाडूवाल्यांसहि विचारावें. अर्ज विश्वस्ताच्या ओळखीवांचून स्वीकारावा. निवड नांव झांकून करावी. आणि वर्षाचा हिशेब निधीच्या दारावर सर्वांस वाचतां येईल असा लावावा. यांस नवा कायदा नको, मोठी इमारत नको. एका वार्षिक सभेचा ठराव पुरे.

दुकानदार दिवाळींत नव्या वहीची पूजा करतो, तेव्हां जमा आणि नांवे या दोन्ही बाजू तो तितक्याच श्रद्धेनें मांडतो. धर्माच्या वहींत मात्र आपण फक्त 'दिले' ही बाजू मोठ्या अक्षरांत लिहितों, आणि 'कोणास, कसे' ही बाजू कोरी ठेवतों. या वर्षीं ती कोरी बाजू भरण्यास आमच्या व्यापारी बंधूंनीं आरंभ करावा. आपलें घर सांभाळून शेजाऱ्याच्या घरांतहि दिवा लावील, तोच संघ बंधुसंघ या नांवास पात्र होईल.