दोन वाशी आणि दोन गाड्यांमधली फट

वाशी म्हटले की मुंबईकडच्या माणसाला खाडीपूल, घाऊक बाजार आणि गाड्यांच्या रांगा आठवतात. पण एक वाशी आमच्या धाराशिव जिल्ह्यातही आहे, बालाघाटाच्या अंगाखांद्यावरची. खव्याच्या भट्ट्यांची, उसाच्या फडांची आणि दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी. या वाशीत पोट भरत नाही म्हणून इथली पोरे त्या वाशीला जातात. कुणी मार्केटात हमाली करतो, कुणी सिक्युरिटीत उभा राहतो, आणि अलीकडच्या दहा वर्षांत कितीतरी जण पाठीला चौकोनी पिशवी अडकवून मोटारसायकलवर लोकांच्या घरी जेवण आणि सामान पोहोचवतात. एका वाशीतून दुसऱ्या वाशीत गेलेल्या या पोराचा दिवस थांबलेल्या दोन गाड्यांच्या मधल्या हातभर फटीतून जातो. त्या फटीबद्दल आपल्या चळवळीने कधी विचार केला आहे काय?

विषय वरवर किरकोळ वाटेल. आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती, गायरान असे प्रश्न समोर असताना मोटारसायकलने ट्रॅफिकमधून वाट काढावी की नाही, यावर काय लिहायचे? असे म्हणणाऱ्याने केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे पाहावेत. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यातील ७४ हजार ८९७ दुचाकीवरची होती. म्हणजे शंभरातले जवळपास पंचेचाळीस! आणि दुचाकीवर बसतो कोण? ज्याला चारचाकी परवडत नाही तो. ज्याच्या गावाला एस.टी. दिवसातून दोनदा येते, तीही न आली तर विचारणारा कोणी नाही, तो. हप्त्यावर गाडी घेऊन दुधाची कॅन, खव्याची पाटी, बायको आणि दोन लेकरे एकाच सीटवर वाहणारा तो. हा आकडा रस्त्यावरच्या गरिबांच्या मृत्यूचा आहे. त्यात आपली माणसे किती, हे सरकार मोजत नाही. पण ती त्यात आहेत, हे सांगायला जनगणना लागत नाही.

माझा एक भाचा त्या वाशीत हेच काम करतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात संध्याकाळच्या जाममध्ये तो थांबलेल्या गाड्यांमधून हळूहळू पुढे जात होता. एका कारवाल्याने पाठीमागे न पाहता धाडकन दार उघडले. भाचा दारावर आदळून पडला, पायाचे हाड मोडले आणि चार महिने घरी बसला. नुकसानभरपाईच्या दाव्यात विमा कंपनीच्या वकिलाने त्याला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, "तुम्ही दोन गाड्यांच्या मधून जात होता की नाही?" तो हो म्हणाला. झाले! दार कुणी उघडले, आरशात पाहिले की नाही, हे सगळे बाजूला राहिले. अर्धी चूक त्याचीच ठरली आणि मिळणारी भरपाई अर्धी कापली गेली. तो मला म्हणाला, "मामा, रांगेत थांबलो तर मागून टेम्पो ठोकतो, मधून गेलो तर हवालदार धरतो, आणि पडलो तर कोर्ट म्हणतं तूच चुकला. मग मी उभं राहू कुठं?"

या प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्यात नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ११८ खाली केंद्र सरकारने २०१७ साली वाहन चालविण्याचे विनियम केले. मार्गिका बदलताना इशारा द्या, धोका नसेल तेव्हाच बदला, असे नियम त्यात आहेत. पण ट्रॅफिक ठप्प झालेले असताना दुचाकीने मधून जावे की नाही, गेले तर किती वेगाने, याचे माप नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ मध्ये कायद्याविरुद्ध ओव्हरटेक करणे हे धोकादायक वाहन चालविण्यात घातले. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ज्या गोष्टीवाचून शहरातला एकही दुचाकीवाला एक दिवस काढू शकत नाही, ती गोष्ट गुन्हा आहे की नाही हे चौकातल्या शिपायाच्या मर्जीवर. ज्याला मोठ्या साहेबाला फोन लावता येतो तो सुटतो. ज्याच्या नंबर प्लेटवर नुसते 'जयभीम' लिहिलेले आहे त्याची गाडी आधी बाजूला घेतली जाते, हा अनुभव आपल्या पोरांना विचारा. कायदा अस्पष्ट असला की तो दुबळ्याच्या अंगावर पडतो. ज्यांच्यावर शेकडो वर्षे न लिहिलेले नियम लादले गेले, त्यांना नियम स्पष्ट शब्दांत लिहिलेला असण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न टाळला नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१६ साली कायदा करून दोन रांगांमधून मोटारसायकल नेणे म्हणजे काय याची व्याख्या केली. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्सने २०१४ पासून परवानगी दिली, पण तासाला ३० किलोमीटरच्या आत, शिकाऊ परवानावाल्याला नाही आणि शाळेच्या परिसरात शाळेच्या वेळेत नाही. बेल्जियमने २०११ साली वेगाची अट घालून मोकळीक दिली. फ्रान्सने २०१६ पासून काही भागांत प्रयोग केले आणि २०२५ च्या जानेवारीत नियम देशभर लागू केला. मलेशियाने तर १९७० च्या दशकातच मोठ्या महामार्गालगत मोटारसायकलींसाठी स्वतंत्र रस्ता बांधला.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी सुमारे सहा हजार मोटारसायकल अपघातांचा अभ्यास २०१५ साली मांडला. गाड्यांमधून जाताना अपघात झालेल्यांत डोक्याला मार लागलेले ९ टक्के निघाले, इतरांत १७ टक्के. मृत्यूचे प्रमाण १.२ टक्के आणि ३ टक्के. मागून धडक बसण्याचे प्रमाणही कमी. आता यावर कोणी टाळ्या पिटण्याआधी हेही सांगितले पाहिजे की, मधून जाणारे ते लोक चांगले हेल्मेट घालणारे होते आणि दारू पिऊन चालविणारे त्यांच्यात कमी होते. शिवाय संशोधकांनीच बजावले आहे की, भोवतालच्या गाड्यांपेक्षा तुमचा वेग तासाला १५ मैलांहून, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरहून जास्त झाला की धोका वाढतो. यावरून निष्कर्ष एवढाच की, थांबलेल्या रांगेत, हळू, हेल्मेट घालून मधून जाणे हे रांगेच्या शेपटाला उभे राहून मागच्या टेम्पोची वाट पाहण्यापेक्षा वाईट नाही.

पण आमची वाशी म्हणजे कॅलिफोर्निया नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. जरा हिशेब करा. आपल्याकडे महामार्गाची एक मार्गिका साडेतीन मीटरची. शेजारशेजारच्या दोन मार्गिकांत मधोमध उभ्या असलेल्या कारची रुंदी पावणेदोन मीटरच्या आसपास, म्हणजे मध्ये पावणेदोन मीटर जागा उरते. मोटारसायकलचे हँडल पाऊण मीटरचे. जाता येते. आता कारच्या जागी दोन ट्रक किंवा दोन एस.टी. बस उभ्या करा. रुंदी अडीच मीटरच्या वर. मध्ये उरले एक मीटरपेक्षा कमी, त्यात दोन्हीकडून बाहेर आलेले आरसे. ही मरणाची फट आहे. ट्रकवाल्याला उंचावरून शेजारची मोटारसायकल दिसतच नाही. त्याने स्टेअरिंग हातभर फिरवले की चाकाखाली जाण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि आमच्याकडे त्याहूनही भयंकर प्रकार आहे, उसाच्या ट्रॉलीचा. सोलापूर-धुळे महामार्ग, ज्याचा नंबर पूर्वी २११ होता आणि आता ५२ आहे, तो तेरखेडा, सरमकुंडी फाटा, पारगाव असा आमच्या तालुक्यातून जातो. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की या रस्त्याला आणि त्याला मिळणाऱ्या प्रत्येक रस्त्याला डबल ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, ऊस दोन्ही अंगांनी हात-हात बाहेर आलेला. या दोन ट्रॉल्यांच्या मधून जो जाईल त्याने घरी चिठ्ठी लिहून जावे. इथे परवानगी कोणी मागत नाही, आणि देऊही नये. इथे मागणी वेगळी आहे. कारखान्याने ट्रॉलीला दिवा आणि रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ऊस वजनाला घेऊ नये.

काही शहाणे म्हणतील, आधीच पोरे बेशिस्त, त्यात कायद्याने मोकळे रान दिले तर काय होईल? त्यांना माझा प्रतिप्रश्न आहे. आज मोकळे रान नाही काय? देशातील दर चार नोंदणीकृत वाहनांत जवळपास तीन दुचाकी आहेत. प्रत्येक सिग्नलला ती गाड्यांमधून पुढे येतात आणि लाल दिव्यापुढे घोळका करतात. हे आपण रोज पाहतो. मोकळे रान आहे, फक्त कुंपण नाही. नियम करणे म्हणजे कुंपण घालणे. शिवाय सरकारने हे तत्त्व एका ठिकाणी आधीच मान्य केले आहे. महामार्गावरच्या कितीतरी टोलनाक्यांवर डाव्या हाताला दुचाकीसाठी अरुंद वाट सोडलेली असते. दुचाकीला टोल नाही, म्हणून तिने ट्रकच्या मागे ताटकळू नये एवढाच त्यामागचा विचार. टोलनाक्याला जे शहाणपण सुचले ते सिग्नलला का सुचू नये?

या ठिकाणी बाबासाहेबांच्या आयुष्यातील एक प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. १९२९ साली सरकारी चौकशी समितीचे सदस्य म्हणून ते फिरत असताना चाळीसगावला उतरले. तेथील समाजबांधवांनी त्यांना वस्तीत नेण्याचे ठरविले. पण महाराला टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि टांगा हाकण्याची सवय नसलेला आपलाच एक माणूस हाकायला बसला. पुलावर टांगा उलथला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ समजतो, हे त्यांनी पुढे लिहून ठेवले. रस्ता सर्वांचा असतो असे म्हणतात. परंतु रस्त्यावर कुणाला कुणाच्या मागे थांबायचे, कुणाचा जीव स्वस्त आणि कुणाची गाडी महाग, हे समाजच ठरवीत आलेला आहे. त्याच बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९४१ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद घेतली. गावकीच्या रस्त्यावर वेठीने राबणाऱ्यांना हक्काची भाषा शिकविली. आज त्यांची नातवंडे-पतवंडे घड्याळाच्या काट्यावर पिशवी पाठीला मारून धावतात. वतनदारी गेली, धावणे राहिले. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये या गिग कामगारांचा उल्लेख आला खरा, पण रस्त्यावरचा त्यांचा हक्क अजून कुणी लिहिलेला नाही.

तेव्हा मागणी काय असावी? संसदेत नवा कायदा लागत नाही. कलम ११८ खालच्या विनियमात दुरुस्ती पुरेशी आहे. वाहने थांबलेली किंवा रांगत असतील तेव्हाच मधून जाण्याची मुभा. वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत. ट्रक, बस, डंपर, उसाची ट्रॉली यांच्या मधून सक्त मनाई. शाळेसमोर आणि झेब्रा क्रॉसिंगवर मनाई. शिकाऊ परवानावाल्याला मनाई. चारचाकीवाल्याने आरशात पाहिल्याशिवाय दार उघडले किंवा मुद्दाम वाट अडवली तर दोष त्याचा. सिग्नलला पुढच्या बाजूला दुचाकी थांबण्याची आखलेली जागा, तैवानमध्ये आहे तशी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नियम पाळून जाणाऱ्याचा अपघात झाला तर केवळ तो मधून जात होता एवढ्यावर भरपाई कापता येणार नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहिले पाहिजे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात आहे ते तरी करू या. २०२२ साली हेल्मेट नव्हते म्हणून देशात ५० हजारांवर माणसे गेली, त्यात मागे बसलेली १४ हजारांहून अधिक होती. म्हणून दोघांनीही हेल्मेट घाला. जयंतीच्या रॅलीत निळा फेटा बांधा, पण त्या दिवशीही गाडी चालविणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेटच असू द्या. अपघात झालाच तर २०२५ पासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजना आहे, ती मागून घ्या. धडक देऊन वाहन पळून गेले असेल तर मृताच्या वारसाला दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा. बुद्धविहारात दर रविवारी वंदना झाल्यावर दहा मिनिटे ही माहिती पोरांना दिली तर एखादे घर उघड्यावर पडण्यापासून वाचेल.

माझा भाचा आता पुन्हा कामावर गेला आहे. पायात सळई आहे, पावसाळ्यात ठणकते. परवा फोनवर म्हणाला, "मामा, आता दार दिसलं की आपोआप ब्रेकवर पाय जातो." तो भीतीने शिकला. त्याच्या मागून येणाऱ्या पोरांना हे भीतीने नव्हे, कायद्याने शिकता यावे, एवढीच या वाशीची त्या वाशीकडे आणि दिल्लीकडे मागणी आहे.