‘कोण गावचं पाव्हणं?’ या एका प्रश्नात मराठी माणूस काय काय विचारून घेतो?

स्वारगेटवरून साताऱ्याची एसटी सुटते. शेजारी बसलेल्या दोन अनोळखी माणसांची कात्रजचा घाट लागेपर्यंत ओळख झालेली असते. पहिला प्रश्न ठरलेला, “कुठं निघालात?” दुसरा, “गाव कोणतं?” आणि मग थोडं थांबून, खिडकीबाहेर बघत बघत तिसरा, “आडनाव?”

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लोक हसत देतात. तिसऱ्याला मात्र काहीजण जरा अडखळतात. का अडखळतात, ते समजून घ्यायचं तर मराठी माणूस स्वतःची ओळख करून देतो म्हणजे नेमकं काय सांगतो, हे आधी बघावं लागतं.

लहानपणी सगळेच ‘नाव-गाव-फळ-फूल’ खेळलेले असतात. त्या खेळातही नावाच्या मागोमाग गाव येतं. मराठीत तर गाव थेट नावातच शिरलेलं आहे. गावाच्या नावाला ‘कर’ जोडलं की आडनाव तयार. पेणचे पेणकर, राजापूरचे राजापूरकर, वेंगुर्ल्याचे वेंगुर्लेकर. दीनानाथ मंगेशकरांनी आपलं आडनाव गोव्यातल्या मंगेशी गावावरून घेतलं आणि पुढे त्यांच्या मुलांनी ते घरोघरी पोचवलं.

यातली गंमत अशी, की गावात राहणाऱ्याला गावाचं आडनाव लागत नाही. पेणमध्ये सगळेच पेणचे, तिथं ‘पेणकर’ म्हणून कुणाला ओळखणार? माणूस गाव सोडून बाहेर पडतो तेव्हा नव्या ठिकाणचे लोक त्याला ‘तो पेणचा’ म्हणू लागतात आणि दोन पिढ्यांत त्याचं आडनाव होतं. म्हणजे ‘कर’ लागलेलं आडनाव बहुतेक वेळा असं सांगतं, की या घरातलं कुणीतरी कधीतरी गाव सोडून निघालं होतं.

हे ‘कर’ प्रकरण एका धर्मापुरतंही नाही. ‘बूट पॉलिश’ सिनेमातले जॉन चाचा म्हणजे अभिनेते डेव्हिड अनेकांना आठवत असतील. त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. धर्मानं ज्यू, आडनाव अलिबागजवळच्या चौलचं. ते बेने इस्रायली समाजातले. कोकण किनाऱ्यावर फार जुन्या काळी येऊन राहिलेल्या या ज्यूंची घरची भाषा मराठी. तेल गाळण्याचा धंदा करायचे, पण धर्माप्रमाणे शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. त्यांच्यात रोह्याचे रोहेकर आहेत, पेणचे पेणकर आहेत, किहीमचे किहीमकर आहेत. १९४८ मध्ये इस्रायल देश झाल्यावर यातले हजारो लोक तिकडे गेले. तिथल्या घराच्या दारावर हिब्रू अक्षरांत ‘पेणकर’ लिहिलेलं असलं, तरी गावाची ओळख रायगड जिल्ह्यातलीच राहते.

गावाच्या खालोखाल मराठी आडनावांवर छाप आहे ती हुद्द्यांची. गावचा कारभार बघणारा पाटील, गावचं दप्तर लिहिणारा कुलकर्णी. त्याच्या वर परगण्याच्या पातळीवर देशमुख आणि देशपांडे. दरबारात फडणवीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस. ही कामं बहुतेक वंशपरंपरेनं चालायची, बापाचं वतन मुलाकडे जायचं, त्यामुळे कामाचं नावच घराण्याला चिकटलं.

पुढं कामं गेली. परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५० सालचा, मुलकी पाटलांचं पद रद्द करणारा १९६२ चा. गावचं दप्तर तलाठ्याकडे आलं. आज ‘कुलकर्णी’ आडनावाचा माणूस पुण्यात सॉफ्टवेअर लिहीत असतो आणि गावात तलाठी म्हणून भलत्याच आडनावाच्या बाई बसलेल्या असतात. ‘पोलीस पाटील’ हे पद अजून आहे, पण त्यावर बसणाऱ्याचं आडनाव पाटील असायलाच हवं असं काही नाही.

आता एसटीतल्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ.

समजा समोरच्यानं सांगितलं, ‘पाटील’. विचारणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. पाटील मराठा असतात, आगरी असतात, कोळी असतात, लेवा असतात, लिंगायत आणि जैनही असतात. आडनाव हुद्द्याचं आहे, जातीचं नाही. ‘जाधव’, ‘गायकवाड’, ‘पवार’, ‘मोरे’ यांचंही तसंच. ही आडनावं अनेक समाजांत सापडतात. बंगळुरूत मराठी घरात जन्मलेले रजनीकांत मूळचे शिवाजीराव गायकवाड, तीच गोष्ट बडोद्याच्या राजघराण्याची, आणि तेच आडनाव कितीतरी बौद्ध कुटुंबांचंही आहे.

मग आडनाव कळूनही काम झालं नाही, की जोडप्रश्न सुरू होतात. “कुठले जाधव?” “गावात घर कुठल्या बाजूला?” “तुमचं कुलदैवत कोणतं?” “देवक काय?” वरवर बघता यातला प्रत्येक प्रश्न साधा आहे. कुलदैवत विचारलं की जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, जोतिबा अशी छान उत्तरं येतात, कधीकधी दोन घरांचं दैवत एकच निघतं आणि गप्पा रंगतात. पण तेच प्रश्न जात काढायलाही वापरले जातात, आणि कोणता प्रश्न कशासाठी आलाय हे ज्याला विचारलं जातं त्याला बरोबर कळतं. भाड्यानं खोली बघायला गेलेल्या पोराला घरमालक “पूर्ण नाव काय म्हणालात?” असं दुसऱ्यांदा विचारतो, तेव्हा त्याला ऐकू आलं नव्हतं असं क्वचितच असतं.

‘घर कुठल्या बाजूला’ हा प्रश्न तर जास्तच धारदार. गावातल्या वस्त्यांची नावंच जातींवरून पडलेली होती. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा. वाडा सांगितला की सगळं सांगून झालं. राज्य मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२० मध्ये अशी जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशा धर्तीची नावं द्यायचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच. पण भीमनगर म्हटल्यावर कुणाला काही कळत नाही, असं मानणं भोळेपणाचं ठरेल.

आडनावातच गाव घेणं हा यातून निघायचा एक जुना रस्ता होता. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ. कोकणात मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे त्यांचं मूळ गाव. गावावरून आंबडवेकर आणि पुढे त्याचं आंबेडकर झालं. मुळात एका छोट्या गावाचा पत्ता सांगणारं हे आडनाव आज लाखो लोकांसाठी गावापलीकडची ओळख झालं आहे.

अलीकडे बरेच तरुण आडनाव गाळून नुसतं स्वतःचं आणि वडिलांचं नाव लिहितात. कुणी आईचं नाव लावतं. कायद्यानं नाव बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात त्याची जाहिरात द्यावी लागते आणि मग तो कागद बँक, पासपोर्ट, शाळा सगळीकडे दाखवत फिरावं लागतं. म्हणून कित्येकजण कागदावर एक आणि वापरात एक अशी दोन नावं सांभाळतात.

बायकांना हे दोन नावांचं गणित नवीन नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायची पद्धत अनेक घरांत होती, काही ठिकाणी अजून आहे. आडनाव तर बदलायचंच, पण लहानपणापासून हाक मारली जायची ते नावही बदलायचं. कुठल्याच कायद्यात हे सक्तीचं नाही. तरी चाळीशीतल्या बाईंना “माहेरच्या कोण?” असं विचारलं की त्या किती झटकन जुनं नाव, जुनं गाव सांगतात, हे कुठल्याही हळदीकुंकवात बघायला मिळतं. त्यांच्या ओळखीत कायम दोन गावं असतात.

सरकारी कागदावर आईचं स्थान मात्र अगदी अलीकडे आलं. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं, की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव बंधनकारक. क्रम असा, की आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. ही पोरं मोठी होऊन एसटीत बसतील तेव्हा पूर्ण नाव सांगायला त्यांना थोडा जास्त वेळ लागेल.

ओळख तोंडी सांगायची, पण तिची नोंद ठेवणारी माणसंही इथं होती. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला गेल्यावर तीर्थोपाध्याय आधी काय विचारतात? गाव आणि आडनाव. तेवढ्यावरून ते नेमकी वही काढतात. पूर्वी आलेल्या माणसानं आपलं नाव, वडिलांचं, आजोबांचं नाव, भावंडं, मुलं असं लिहून किंवा लिहवून ठेवलेलं असतं, जुन्या पानांवर मोडीत. पणजोबांनी स्वतःची करून दिलेली ओळख पणतूला अशी अचानक समोर दिसते. अर्थात हे तीर्थाला जाणाऱ्यांचं झालं. ज्यांना देवळाच्या पायरीपलीकडे येऊ दिलं जात नव्हतं, त्यांचे पूर्वज या वह्यांत कसे सापडणार?

दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात हेळवी यायचे. बैलावर बसून गावोगाव फिरणारे हे लोक घराण्याची वंशावळ म्हणून दाखवायचे, घरात नवीन जन्म झाला असेल तर नोंदवून घ्यायचे आणि धान्य-पैसे घेऊन पुढच्या गावी जायचे. घर मूळचं कुठून आलं हे घरातल्यांना नीट सांगता येत नसे, हेळव्याला यायचं.

ज्यांच्यापर्यंत ना हेळवी पोचला ना तीर्थाची वही, अशीही मराठी माणसं आहेत. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून कोकणातून बरेच लोक मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांचे वंशज तिथं आजही स्वतःला मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. पण त्यांच्या आडनावांवरून गाव कळत नाही. मजुरानं सांगितलेलं नाव कारकुनानं ऐकू आलं तसं लिहून घेतलं आणि अनेकांच्या बाबतीत पूर्वजाचं ते एकेरी नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं.

त्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत. तिथली कुटुंबं आपल्या खापरपणजोबांचा शोध घेत त्या वह्यांपर्यंत येतात. बोटीतून उतरलेल्या माणसाला नंबर दिलेला असतो, त्यापुढे नाव, वय, बापाचं नाव, जात आणि गाव. गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत इतकं वेडंवाकडं लिहिलेलं असतं, की ते रत्नागिरी जिल्ह्यातलं कुठलं हे ओळखायला नकाशा समोर ठेवून मोठ्यानं वाचत बसावं लागतं.