पोरं पळवणारी टोळी आली म्हणे!

मैत्रिणींनो, चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना ती पोस्टकार्डं आठवत असतील. अमुक देवीच्या देवळात साप निघाला, माणसासारखा बोलला, आता हे पत्र वाचणाराने अशीच अकरा पत्रं लिहावीत, नाहीतर घरात अघटित घडेल... माझ्या आईने दिव्याखाली बसून अशी पत्रं लिहिलेली मी पाहिली आहेत. पण त्यात एक बरं होतं. कार्डं आणायला पोस्टात जावं लागे, पैसे पडत, हात दुखून येई. तीन-चार लिहून झाली की भाकऱ्या थापायची वेळ व्हायची! 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितोय म्हणून देवळापुढे रांगा लागल्या, तेव्हाही वाया गेलं ते दूध.

आता नुसतं बोट लावायचा अवकाश. आणि वाया जातात ती माणसं.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा हे आदिवासी गाव. त्या दिवशी तिथे आठवडे बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथे आली होती. गावोगाव फिरणं हाच त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. त्या आठवड्यात भागातल्या मोबाईलवर एकच मजकूर फिरत होता, मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा. कुणाला तरी संशय आला, आरडाओरडा झाला, बाजार धावला. त्या पाच जणांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे जीव जाईपर्यंत मारलं. पाचही गेले. ज्या कार्यालयात आपण घरपट्टी भरतो, दाखले काढतो, तसल्याच एका खोलीत!

त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं.

त्या दिवसांत देशभर असे बळी गेले, आसामपासून कर्नाटकापर्यंत. बऱ्याच ठिकाणी एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोरांतलं एक मूल उचलतात आणि निघून जातात. पाहून कुठल्या आईचं काळीज हलणार नाही? पण तो व्हिडिओ पाकिस्तानातल्या कराचीचा होता. मुलांकडे लक्ष ठेवा, हे सांगण्यासाठी एका संस्थेने मुद्दाम बनवलेला. मूळ व्हिडिओत ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि पालकांसाठी लिहिलेला फलक दाखवतात. तेवढा शेवटचा तुकडा कुणीतरी कापून टाकला. एवढ्याशा कात्रीने केवढं केलं बघा.

मला यात आपल्यासाठी महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. हा मजकूर आईच्या काळजीला हात घालतो. ‘तुम्हीही आई असाल तर पुढे पाठवा,’ असं लिहिलं की आपण विचार करत नाही. भांडणाचा, राजकारणाचा मजकूर आपण बाजूला सारू, पण लेकरांचा कसा सारणार? म्हणूनच बचत गटाच्या, शाळेच्या पालकांच्या, हळदीकुंकवाच्या ग्रुपवर तो सगळ्यात जोरात पळतो. पाठवणारीच्या मनात पाप नसतं हो. राईनपाड्यातही बहुतेकांनी तो काळजीनेच पाठवला असेल.

आमचं माले ताम्हिणीच्या रस्त्यावरचं गाव. पावसाळ्यात गाड्यांची रीघ लागते आणि भाताची सुगी आटोपली की फिरस्ती माणसं येतात. वासुदेव, नंदीबैलवाले, सुया-पोत विकणाऱ्या बाया. आमच्या सासूबाई त्यांना सुपातून भात घालत आणि घरची खबरबात विचारत. आताच्या सुनांना यांतलं कुणी ओळखीचं नाही, हाच खरा अडसर. दोन वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या एका वाडीत मणी विकणाऱ्या बाईला पोरांनी अडवलं. तिच्या काखेतलं मूल गोरं होतं, एवढंच कारण! फोन निघाले, फोटो काढले, ‘हिच्यापासून सावधान’ म्हणून तो फोटो निघायच्या बेतात. एक म्हातारी काठी टेकत पुढे आली आणि म्हणाली, “अगं, ही तर शेवंताची लेक. हिच्या आईनं माझ्या लग्नात काकणं भरलीत.” तेवढ्यावर निभावलं. पण गावागावात अशी म्हातारी किती दिवस पुरणार?

दुसरी तऱ्हा द्वेषाची. तीही लांबची नाही. 2014 मध्ये कुणीतरी फेसबुकवर छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं टाकली. पुण्यात तणाव झाला, आणि 2 जूनच्या रात्री हडपसरला एका तरुणाला जमावाने ठार मारलं. मूळचा सोलापूरचा, आयटी कंपनीत नोकरी करणारा. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. प्रकरण साडेआठ वर्षं चाललं आणि जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने सगळ्या आरोपींना पुराव्याअभावी सोडून दिलं. म्हणजे पोस्ट टाकणारा कुठे, मारणारा कुठे, आणि मेला तो भलताच. त्याच्या आईने कुणाकडे बोट दाखवायचं?

गटाच्या बैठकीत मी हे सांगते, तेव्हा बायकांचा पहिला प्रश्न असतो, “ताई, मी ॲडमिन आहे, मला पोलीस नेतील का?” तर ऐका. दुसऱ्या कुणी टाकलेल्या मजकुराबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरवता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलं आहे. दोघांचा मिळून बेत असेल तर गोष्ट वेगळी. पण स्वतः पाठवाल, तर ‘मला आलं म्हणून पुढे ढकललं’ हे नेहमी चालेलच असं नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजासमाजांत वैर वाढवणाऱ्या मजकुराला कलम 196 आहे, लोकांत घबराट पसरवणाऱ्या अफवांना कलम 353. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

व्हॉट्सॲपनेही राईनपाड्याच्या महिन्यातच भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. खूप हातांतून फिरून आलेल्या मजकुरावर दोन बाण दिसतात आणि 2020 पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो. ते दोन बाण दिसले की समजायचं, हे आपल्या जाऊबाईंनी लिहिलेलं नाही. आमच्या गटात आम्ही ठरवलंय, टोळीबिळीचा मजकूर आला की आधी पोलीस पाटलांना फोन, खरंच काही घडत असेल तर 112. ग्रुपवर त्याखाली फक्त ‘विचारलं, खोटं आहे’ एवढं लिहायचं. पहिल्यांदा लिहिताना संकोच होतो, कारण मजकूर टाकणारी कुणाची तरी मोठी जाऊ असते!

राईनपाड्याची बातमी सगळ्यांनी वाचली. त्याच दिवशी मालेगावात घडलेलं मात्र फार जणींना ठाऊक नसतं. तिथेही भिक्षा मागणारं पाच जणांचं कुटुंब, बरोबर दोन वर्षांचं मूल. हे मूल पळवलेलं आहे म्हणत जमाव अंगावर आला. तिथल्याच एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं. बाहेर गर्दी वाढत गेली, पण पोलीस येईपर्यंत त्याने त्यांना बाहेर जाऊ दिलं नाही. ती पाचही माणसं वाचली.