राळेगणचा घाम आणि कॅनडाची मोजपट्टी

जगात कोण पुढे, कोण मागे हे सांगणाऱ्या बहुतेक याद्यांत कॅनडा वरच्या ओळींत सापडतो आणि भारत शोधायला पान उलटावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात नव्वदच्या दशकात कॅनडा अनेक वर्षे पहिला होता. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या २०२४ च्या भ्रष्टाचारविषयक यादीत १८० देशांमध्ये कॅनडा १५वा आणि भारत ९६वा. एका यादीत मात्र हा क्रम पार उलटा आहे, आणि तिचा एक धागा पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीपर्यंत येतो.

ती यादी माहिती अधिकाराच्या कायद्यांची. कॅनडातल्याच हॅलिफॅक्स शहरातल्या ‘सेंटर फॉर लॉ अँड डेमोक्रसी’ या संस्थेने स्पेनमधल्या ‘अॅक्सेस इन्फो युरोप’ला सोबत घेऊन २०११ मध्ये ती पहिल्यांदा जाहीर केली. निकष ६१, एकूण गुण १५०. पहिल्याच यादीत भारत पहिल्या तिघांत होता. पुढे इतर देशांनी आणखी भक्कम कायदे केले आणि आपण पहिल्या दहांच्या आसपास घसरलो. कॅनडा? पन्नासाच्या आसपास. स्वतःच्या देशाला इतके कमी गुण देणाऱ्या या संस्थेच्या प्रामाणिकपणाला मी मनापासून दाद देतो.

कॅनडाचा कायदा आपल्यापेक्षा बावीस वर्षांनी जुना. तो १ जुलै १९८३ रोजी लागू झाला, आपला १२ ऑक्टोबर २००५ रोजी. मग जुना कायदा असलेला देश मागे का पडला? कारण त्या कायद्यात सरकारने स्वतःसाठी जागा फार राखून ठेवल्या. मंत्रिमंडळाची गोपनीय कागदपत्रे कायद्याच्या बाहेरच. मंत्र्यांची कार्यालये या कायद्याखाली येत नाहीत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. २०१९ पर्यंत माहिती आयुक्तांना शिफारस करता येई, आदेश देता येत नसे. आपल्याकडे मंत्रिमंडळाचा निर्णय झाला, की त्यामागची कारणे आणि कागद खुले करायचे, असे कायद्यातच लिहिले आहे. उत्तर द्यायला उशीर करणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि तो त्याच्या खिशातून जातो. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर उत्तर ४८ तासांत. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी माफ.

कॅनडाच्या कायद्याशी आज मराठी घरांचाही थेट संबंध आहे. तिथल्या केंद्र सरकारकडे येणाऱ्या माहिती अर्जांत निम्म्याहून जास्त अर्ज एकट्या स्थलांतर खात्याकडे जातात. मुलाचा विद्यार्थी व्हिसा नाकारला गेला, की अधिकाऱ्याने फायलीत काय लिहिले हे पाहायला एजंट ज्या ‘जीसीएमएस नोट्स’ मागवतात, त्या याच कायद्याखाली, पाच डॉलर भरून. पण अर्ज करायचा हक्क कॅनडाच्या नागरिकाला, कायम रहिवाशाला किंवा त्या देशात हजर असलेल्या माणसाला. म्हणून या कायद्याखाली अर्ज करायचा तर पुण्या-नगरच्या पालकांना तिथला कुणीतरी प्रतिनिधी गाठावा लागतो.

आता राळेगण. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले तेव्हा हे पर्जन्यछायेतले, दारूभट्ट्यांनी पोखरलेले गाव होते. यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून सुरुवात झाली. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री पुढे महाराष्ट्राने पाठ केली. नाला बांध, समतल चर, पाझर तलाव यांनी ओलिताखालची जमीन ७० एकरांवरून अडीच हजार एकरांच्या घरात नेली, असे सांगितले जाते. पाण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे निर्णयाची जागा. चराई थांबवायची, उसाला पाणी द्यायचे नाही, असले कठीण निर्णय सगळ्यांसमोर झाले नाहीत तर टिकत नाहीत. हे राळेगणने अनुभवले होते.

१९९१ मध्ये इथूनच भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलन उभे राहिले, वनखात्यातल्या अधिकारी-व्यापारी संगनमताच्या प्रकरणावरून. तेव्हा खरी अडचण कळली. गैरव्यवहार दिसतो, पण कागद सरकारच्या कपाटात. कागदाशिवाय आरोप केला तर आरोप करणाराच आरोपी. एका तत्कालीन मंत्र्याने केलेल्या बदनामीच्या खटल्यात १९९८ मध्ये अण्णांना तुरुंगात जावे लागले. माहितीचा अधिकार ही त्यांच्या आंदोलनाची मध्यवर्ती मागणी का झाली, हे यावरून समजते.

महाराष्ट्राचा २००० सालचा पहिला कायदा अगदीच दुबळा होता. नवा कायदा विधिमंडळात झाला, पण राष्ट्रपतींच्या संमतीसाठी अडला. ९ ऑगस्ट २००३ रोजी अण्णा मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि संमती आली. केंद्राच्या २००५ च्या कायद्याला या कायद्याचा मोठा आधार मिळाला. श्रेय एकट्या राळेगणचे नाही, हेही सांगितले पाहिजे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेऊन मजुरांच्या हजेरीपटाचे जाहीर वाचन केले, आणि १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे धरले. २००६ मध्ये फायलीवरच्या टिपण्या कायद्यातून वगळण्याचा घाट केंद्राने घातला, तेव्हा अण्णा आळंदीत पुन्हा उपोषणाला बसले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. जिथे माणसांनी उपाशी राहून कायदा मागितला, तिथे तो जास्त धारदार झाला, असे मला ठामपणे वाटते. कॅनडात कारभार बऱ्यापैकी स्वच्छ राहिला, म्हणून कायद्याला धार लावायची तितकी निकड भासली नसावी.

पण ही मोजपट्टी फक्त कायद्याचा मजकूर मोजते, अंमलबजावणी नाही. २०१८ मध्ये तिच्यात पहिला नंबर अफगाणिस्तानचा होता. एवढे सांगितले तरी पुरे. आपल्याकडे महाराष्ट्र राज्य माहिती आयोगापुढे २०२४ मध्ये लाखाहून जास्त अपिले आणि तक्रारी पडून होत्या. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींनी जमीन व्यवहारांची माहिती बाहेर काढली आणि १३ जानेवारी २०१० रोजी त्यांचा खून झाला. २०१९ च्या दुरुस्तीने आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवणे केंद्राच्या हाती गेले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीच्या अपवादातली ‘व्यापक जनहित’ ही तिथली अट काढली. सर्वसाधारण जनहिताचे कलम उरले आहे, पण ते वापरायचे की नाही हे पुन्हा माहिती देणाऱ्या कार्यालयाच्या हाती. नंबर वरचा असताना पायाखालची माती अशी सरकते आहे.

मजकूर आपल्याकडे आहे, उरते ते वापरणे. कायद्याच्या कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि कार्यालयाने १७ बाबींची माहिती कुणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायची असते: अधिकाऱ्यांची कामे, अंदाजपत्रक, अनुदान मिळालेल्यांची नावे, सवलती-परवाने कुणाला दिले ते. येत्या ग्रामसभेत उभे राहून तुमच्या गावची ही यादी मागा. नसेल, तर साध्या अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि दुसऱ्याच दिवशी तो जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या. पोच घ्यायला विसरू नका.