कागदावरची गाडी आणि फाट्यावरचा प्रवासी

एखाद्या मोठ्या संस्थेजवळ वाहने किती, असे विचारले की उत्तर तत्काळ मिळते. त्यांपैकी आज सकाळी रस्त्यावर किती निघाली, असे विचारले की उत्तराला वेळ लागतो. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाचे खरे दुखणे या दोन आकड्यांतील अंतरात आहे. परतवाड्याहून धारणीकडे घाट चढणारी किंवा अकोट आगारातून खेड्यावर मुक्कामाला जाणारी एक गाडी सुटली नाही, तर महामंडळाच्या हिशेबात काही किलोमीटर कमी होतात, एवढेच. पण त्या वाटेवरच्या विद्यार्थ्याचा तास, रुग्णाची तपासणी आणि मजुराचा रोज बुडतो. हा तोटा कोणत्याही खतावणीत चढत नाही.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ व मराठवाड्यातील सरकारी प्रवासी सेवा तिला येऊन मिळाल्या आणि १९६१ मध्ये आजचे महामंडळ आकारास आले. १ जून २०२२ रोजी त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर विजेवर चालणारी ‘शिवाई’ धावली. चौऱ्याहत्तर वर्षांत इंधन बदलले. गाडी वेळेवर सुटेल काय, हा प्रश्न मात्र बदलला नाही. मूर्तिजापूर-अचलपूर ‘शकुंतला’ बंद पडल्यापासून तर वऱ्हाडाच्या या पट्ट्यात त्या प्रश्नाची धार अधिकच वाढली आहे.

विजेरी गाड्यांची मोठी योजना या दृष्टीने उद्बोधक आहे. ५,१५० गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचे २०२३ मध्ये ठरले. गाड्या वेळापत्रकाप्रमाणे आल्या नाहीत आणि मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी करार रद्द करण्याचे निर्देश दिले. दोष कोणाचा, हा वाद येथे बाजूला ठेवला तरी अर्थशास्त्राचा एक साधा नियम उरतो : जो पक्ष एखादी जोखीम सर्वांत चांगली आटोक्यात ठेवू शकतो, त्याच्यावरच ती सोपवावी. भाडेकरारात गाडीची किंमत आणि दुरुस्ती यांची जोखीम ठेकेदाराकडे जाते. प्रवासी कमी मिळाल्यास होणारा तोटा महामंडळ सोसते. परंतु गाड्याच उशिरा आल्या तर? कलमात दंड लिहिलेला असला, तरी दंडाच्या रकमेत बसून कोणी दर्यापूरहून अमरावतीला जाऊ शकत नाही. विलंबाची जोखीम शेवटी जाऊन पडते ती करारावर सही न केलेल्या तिसऱ्या माणसावर, म्हणजे प्रवाशावर.

दुसरी जोखीम तर आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवलेली आहे. पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले असून परिवहन महामंडळांच्या गाड्याही त्यात येतात. ताफा १५,००० गाड्यांचा धरला, तर तो आहे तेवढाच राखण्यासाठीही दरवर्षी सरासरी १,००० नव्या गाड्या हव्यात. हे गणित शाळकरी मुलाला येण्यासारखे आहे. प्रत्यक्षात मात्र काही वर्षे खरेदी थांबते आणि मग एकदम मोठी मागणी निघते. एकदम आलेल्या गाड्या एकदमच म्हाताऱ्या होतात, हे तेव्हा कोणी लक्षात घेत नाही.

दरम्यान मागणी थांबून राहत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाला, मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे झाले. दोन्ही निर्णय स्वागतार्हच होत. परंतु सवलत जाहीर करणे एका दिवसाचे काम आहे, तिच्यासाठी गाडी उभी करणे अनेक महिन्यांचे. सवलतीची भरपाई शासनाकडून वेळेवर न आल्यास पहिली कात्री लागते ती सुट्या भागांना आणि टायरांना. मग एका गाडीचा भाग काढून दुसरीला लावला जातो आणि पहिली आगारात उभी राहते. समजा, एखाद्या आगारात ६० गाड्या आहेत व १० उभ्या आहेत. राहिलेल्या ५० गाड्यांवर ६० गाड्यांचे काम पडते; त्या लवकर झिजतात आणि पुढच्या वर्षी उभ्या गाड्या १५ होतात. २०२१-२२ च्या दीर्घ संपानंतर आणि १०,००० कोटींवर गेलेल्या संचित तोट्यानंतर हे चक्र तोडणे सोपे नाही, हे मान्यच करावे लागेल.

तरीही उपाय अगम्य नाहीत. खरेदी दरवर्षी ठरावीक हप्त्याने व्हावी. मोठा करार टप्प्याटप्प्याने द्यावा. पहिला टप्पा पुरा झाल्याखेरीज दुसरा देऊ नये आणि नवी गाडी आगारात येईपर्यंत जुनीच्या जागी काय, याची सोय करारापूर्वीच झालेली असावी. प्रत्येक आगाराने किती गाड्या नोंदीत, किती रस्त्यावर, किती वाटेत बंद पडल्या आणि किती फेऱ्या रद्द झाल्या, हे चार आकडे दरमहा स्थानकाच्या फलकावर लावावेत. राज्याची सरासरी काढली की मेळघाटातील रद्द फेरी पुण्या-मुंबईच्या भरलेल्या गाडीत दडून जाते. आगारवार आकड्यांना अशी आडोशाची जागा नसते.

संस्था जितकी मोठी, तितकी तिच्यातील जोखीम डोळ्यांआड करणे सोपे असते. ती नाहीशी मात्र होत नाही. आगारातून निघून ती फाट्यावर जाऊन उभी राहते. तेथे पिशवी घेऊन थांबलेल्या माणसाला ताफ्याचा एकूण आकडा सांगून काय उपयोग? त्याला हवी असते ती एकच गाडी, आणि ती ठरल्या वेळेला.