सायकलला कुलूप कोणते घ्याल?

पंचशीलातील दुसरे शील आपण विहारात म्हणतो, मुलांनाही शिकवतो. पण मोंढ्यात किंवा स्टेशनवर उभी केलेली सायकल दुसऱ्याच्या शीलावर सोडून चालत नाही. जालन्याच्या लोखंड कारखान्यात पाळीला जाणारा बाप आणि मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवर शाळा गाठणारी लेक, दोघांचाही दिवस दोन चाकांवर चालतो. सायकल गेली की बापाचा खाडा पडतो आणि लेकीची शाळा बुडते.

मागच्या चाकाचे गोल कुलूप सोयीचे आहे. त्याने चाक अडते, पण सायकल उचलून टेम्पोत टाकली तर कुलूपही तिच्यासोबतच जाते. म्हणून सायकल खांबाला किंवा खिडकीच्या गजाला बांधलीच पाहिजे. तारेची केबल हलकी असते, पण कटरने चटकन तुटते. यू आकाराचे कुलूप मजबूत असते, पण त्याचे वजन किलो-दीड किलोपर्यंत जाते आणि जाड खांबाला ते बसत नाही. साखळी मात्र कुठेही बसते.

पण जड म्हणजे मजबूत, हा समज सोडा. सळईच्या कारखान्यातील आपल्या बांधवांना हे ठाऊक आहे. तापलेल्या टीएमटी सळईवर पाण्याचा मारा केला की बाहेरचा थर कडक होतो. लोखंड तेच, वजन तेच, गुण मात्र बदलतो. साखळीचेही तसेच. पाणी दिलेली कडी साध्या लोखंडाच्या तेवढ्याच जाड कडीपेक्षा करवतीपुढे जास्त टिकते. दुकानदाराला विचारून कडीवर कानस फिरवा. वरचा मुलामा निघाल्यावर कानस घसरली तर कडी कडक, लोखंड खाऊ लागली तर मऊ. साखळी चांगली आणि तिला पत्र्याचे कुलूप, असेही करू नका. चोर कुलूपच तोडेल.

वजनाचा प्रश्नही सोपा आहे. बापाने जड साखळी रोजच्या स्टँडलाच अडकवून ठेवावी, किल्ली तेवढी जवळ बाळगावी. शाळेच्या आवारात लेकीला गोल कुलूप आणि हलकी साखळी पुरे. साखळी फ्रेम आणि मागचे चाक, दोन्हींतून ओवावी. ती जमिनीवर लोळू देऊ नये, नाहीतर हातोड्याने फुटते.

एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यानुसार ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची साधी चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. गरिबाची जुनी सायकल याच किमतीत मोडते! तरीही तक्रार नोंदवणे हा आपला हक्क आहे. सायकलची पावती जपा, फ्रेमवर कोरलेला नंबर वहीत लिहून ठेवा आणि ठाण्यातून नोंदीची प्रत मागून घ्या.

हक्क मागायचा तर कागद जवळ हवा आणि सायकल राखायची तर कुलूप चांगले हवे.