सुई मध्यावर आली की किक

दिवाळी पाडव्याच्या सकाळी बुलेट पुसली, हँडलला झेंडूचा हार घातला आणि किकवर उभा राहिलो. पाऊण तास किक मारली. कधी नुसताच फुसका आवाज यायचा, कधी सायलेन्सरमधून एखादा फटाका. शेवटी उलटी किक बसली. पायाखालचा दांडा एवढ्या जोरानं उलटा आला की टाचेतून गुडघ्यापर्यंत कळ गेली आणि दुपारपर्यंत घोटा सुजून टम्म झाला.

गाडी वडिलांची, 1984 साली घेतलेली 350ची स्टँडर्ड बुलेट. कॅरियरवर खताची पोती बांधून तिनं बुलढाण्याचा बाजार ते शेत असे हजारो फेरे केलेत. आजीला शेगावला दर्शनाला नेलं ते हिच्यावरच. पण यंदा जूनपासून ती पत्र्याच्या शेडात उभी होती. पेरणी झाली, सोयाबीन निघालं, तोवर कुणी हात लावला नव्हता. उलटी किक बसल्यावर गल्लीतल्या चार पोरांनी उतारावर ढकलून पाहिली. तीही युक्ती चालली नाही. मग टेम्पोत घालून चिखली रोडवरच्या चाचांकडे नेली.

चाचांनी सत्तरी ओलांडली आहे आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं त्यांनी बुलेट उघडण्यात घालवलीत. मी आपला प्लग बदलायचा का, बॅटरी टाकायची का, असं विचारत होतो. त्यांनी पान्याला हात लावला नाही.

"पाना मंग. आधी इचारा लागते तिले, काय दुखते म्हणून."

त्यांचं विचारणं म्हणजे क्रमानं चार गोष्टी पाहणं: कंप्रेशन, करंट, टायमिंग आणि पेट्रोल. मी घरी नेमकं उलट केलं होतं. प्लग काढ, चोक ओढ, टाकी हलव, सगळं एकाच वेळी. अशानं गाडी चुकून चालू झाली तरी काय बिघडलं होतं ते कळत नाही, आणि आठवड्यानं पुन्हा तिथंच येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग किक मारून पाहायची. त्या दिवशी चाचांनी हा नियम एकदाही मोडला नाही.

पहिलं कंप्रेशन. चावी बंद ठेवून चाचा किकवर सबंध वजन टाकून उभे राहिले. या इंजिनाचा बोअर 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक 90, म्हणजे लांब पल्ल्याचा पिस्टन आणि 346 सीसी. इंजिन धड असेल तर कंप्रेशनवर आलेली किक माणसाचं वजन क्षणभर तोलून धरते आणि मग सावकाश खाली बसते. इथं ती लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली. मला वाटलं, रिंगा गेल्या, आता बोअर करावा लागणार, मोठा खर्च आला. चाचांनी मात्र डाव्या हाताचा डिकॉम्पचा छोटा दांडा बोटानं हलवून पाहिला. त्याला ढीलच नव्हती.

डिकॉम्प ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सिलिंडरच्या हेडवर एक लहानसा व्हॉल्व्ह असतो. हँडलवरचा दांडा दाबला की तो उघडतो, कोंडलेली हवा निघून जाते आणि पिस्टन हलक्या पायानं टॉपच्या पुढे सरकवता येतो. दांडा सोडला की व्हॉल्व्ह पक्का बसला पाहिजे. उन्हाळ्यात एका गॅरेजात दांड्यापासून व्हॉल्व्हपर्यंत जाणारी केबल नवी टाकून घेतली होती आणि बसवणाऱ्यानं ती ताणून कसली होती. त्यामुळे व्हॉल्व्ह केसभर उघडाच राहत होता. मी पाऊण तास ज्या हवेला दाबत होतो ती वरून निसटत होती. ढकलूनही गाडी चालू झाली नाही, त्यातही या गळतीचा हात होता.

चाचांनी नट सैल करून केबलला दोन-तीन मिलिमीटर ढील दिली आणि मला किकवर उभं राहायला सांगितलं. सुजल्या पायानं उभा राहिलो. किकनं मला तोलून धरलं. एका पैशाचा पार्ट लागला नाही, दोन मिनिटांत निम्मं दुखणं गेलं.

मग करंट. प्लग काढून पुन्हा टोपीत खोचला, हेडवर आडवा टेकवला, किक मारली. निळी ठिणगी, टक् असा कोरडा आवाज. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटांवर मात्र पावसाळ्याची काळपट साय चढली होती. चाचांनी जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद पॉइंटांत धरून दोन-चारदा ओढला, कागदावर करड्या रेघा आल्या. पॉलिश पेपर ते वापरत नाहीत, त्याचे कण आत राहतात. गॅप फिलर गेजनं पाहिला, 0.35 ते 0.40 मिलिमीटरच्या मधे होता. कंडेन्सर बरा होता. तो गेला असता तर पॉइंट उघडताना तिथंच मोठी ठिणगी उडताना दिसली असती.

पण माझा घोटा कशानं सुजला, याचा जाब अजून मिळाला नव्हता. चाचांनी पॉइंटांच्या मधला कॅम चिमटीत धरून फिरवला आणि सोडला. कॅम फिरला, तिथंच राहिला. त्यांनी मान हलवली. माझ्या मते सगळ्या दुरुस्तीचा गाभा तिथं होता.

पॉइंटांच्या प्लेटखाली दोन वजनं आणि दोन बारीक स्प्रिंगा असतात. इंजिन जोरात फिरू लागलं की वजनं बाहेर फाकतात आणि ठिणगी लवकर पडू लागते. वेगात ते हवंच असतं. वेग उतरला की स्प्रिंगांनी वजनं परत ओढून आणायची, म्हणजे किकच्या संथ चालीत ठिणगी पिस्टन अगदी टॉपजवळ आल्यावर पडते. या इंजिनात ते अंतर साधारण 0.8 मिलिमीटर. माझ्या गाडीचं ग्रीस पाच महिन्यांत वाळून डिंकासारखं झालं होतं आणि वजनं फाकलेलीच अडकली होती. पिस्टन अजून वर चढतोय तोच ठिणगी पडायची, स्फोट व्हायचा आणि पिस्टन उलटा खाली. त्याच्यामागोमाग किक, आणि किकवर माझा पाय. एरवी कंप्रेशन गळत होतं म्हणून बार नीट लागतच नव्हता. एखाद्या किकेला लागला, तो असा अवेळी.

चाचांनी प्लेट उतरवली, वजनं रॉकेलनं धुतली, पिनांवर ऑइलचा एकेक थेंब सोडला. आता कॅम फिरवून सोडला की चट्कन मागे यायचा. तो चट्कन आवाज त्यांनी मला तीनदा ऐकवला, म्हणाले, "हा ध्यानात ठेव, बाप्पा." मग प्लेट बसवून त्यांनी विडीबंडलाचा पातळ कागद पॉइंटांत धरला आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवलं. कागद ज्या क्षणी सुटला तो ठिणगीचा क्षण. प्लगच्या भोकातून सोडलेली तार पिस्टन कुठं आहे ते सांगत होती. टायमिंग जागेवर होतं.

राहिलं पेट्रोल. कार्ब्युरेटरची वाटी उघडली तर तळाशी पिवळट चिकट थर आणि पाण्याचे दोन थेंब. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल साचून राहत नाही. पाच महिने उभ्या राहिलेल्या लोखंडी टाकीत मात्र ते पाणी तळाला बसतं, गंज धरतं. स्लो जेट पूर्ण बुजला होता. चाचांनी विजेच्या वायरीतला तांब्याचा एक केस सोलून जेटमधून घातला. पोलादी तार घातली तर भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची पेट्रोल पिते. जेट उजेडाकडे धरून त्यांनी मला दाखवला. सुईच्या टोकाएवढा प्रकाशाचा गोल ठिपका. एवढ्याशा भोकावर पावणेदोनशे किलोचं धूड अडलं होतं.

टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं. आता किक. मी पुढे झालो तर चाचांनी दंडाला धरून थांबवलं आणि हेडलाइटच्या डोक्यावरच्या अँपिअर मीटरकडे बोट दाखवलं.

चावी फिरवली. किक हळू दाबत नेली. पॉइंट जुळले की सुई डावीकडे झुकते, उघडले की मध्यावर येते. किक कडक लागली तिथं थांबलो. डिकॉम्प दाबला, किक इंचभर पुढे सरकवली, सुई मध्यावर आली. पिस्टन टॉपच्या जरासा पुढे. डिकॉम्प सोडला, किक वर येऊ दिली. आणि मग एकच लांब, पूर्ण, शेवटपर्यंत नेलेली किक. धक्का नाही, हिसका नाही, सबंध शरीराचं वजन.

पहिल्या किकेला गाडी बोलली. वडिलांना मी हे असंच करताना शेकडो वेळा पाहिलं होतं. त्यांची नजर खाली मीटरवर का असते, हे मला कधी कळलं नव्हतं, आणि विचारायचं राहून गेलं.

1949 मध्ये लष्करासाठी बुलेट भारतात आली, 1955 मध्ये मद्रासजवळ तिच्या कारखान्याचं काम सुरू झालं, आणि हे लोखंडी इंजिन पुढे पन्नासहून अधिक वर्षं बनत राहिलं. आता बटणावर चालू होणाऱ्या गाड्या आल्या, आणि त्या आल्या हे चांगलंच झालं. पण आपल्या जिल्ह्यात वाड्यात, गोठ्यात, पत्र्याच्या शेडात अशा जुन्या गाड्या अजून उभ्या आहेत. किक मारून दमलेली पोरं त्या भंगाराच्या भावात देऊन टाकतात. त्यांतल्या कितीतरींना माझ्या गाडीसारखंच ताणल्या केबलचं, वाळल्या ग्रीसचं आणि बुजल्या जेटचं दुखणं असणार. चाचांसारखे हातही आता मोजकेच उरलेत.

दुपारी मी राजूर घाट उतरून मोताळ्यापर्यंत गेलो. परतताना घाटात मुद्दाम थांबलो, इंजिन तापलेलं असताना बंद केलं, पाच मिनिटांनी सुई पाहून किक मारली. एका किकेत चालू झाली.

तुमच्या शेडात अशी गाडी असेल तर पावसाळ्याआधी एवढं करा: पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, टाकी रिकामी करा, बॅटरीची वायर सोडा. दिवाळीत काढाल तेव्हा किकेवर पाय ठेवण्याआधी डिकॉम्पच्या दांड्याला ढील आहे का ते बोटानं पाहा, आणि पॉइंटांचा कॅम फिरवून सोडा. तो चट्कन मागे आला पाहिजे.